माझा आधार नंबर माझ्या मालकीचा आहे का?

तायांनो, मागे एका बैठकीत मसाल्याच्या ब्रँडची नोंदणी कशी करायची, यावर चर्चा चालू होती. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "मसाल्याच्या नावाची नोंदणी झाली का मंग ते नाव दुसऱ्याले वापरता येत नाही. मंग माह्या नावाची, माह्या आधार नंबरची, माह्या फोटोची नोंदणी काहून नाही होत? थे तर मसाल्यापक्षा जास्त माह्यं आहे." बैठकीत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठमोठ्या कोर्टांनी या प्रश्नावर डोकं खाजवलं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. अशी नोंदणी होत नाही. आपलं नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर, आधार क्रमांक, आजारपण, कर्जाचा हिशेब, ही आपली वैयक्तिक माहिती झाली. कायदा तिला 'बौद्धिक संपदा' मानत नाही. आणि माझं मत विचाराल तर ती नाही तेच बरं आहे. का, ते पुढे येईल.

बौद्धिक संपदा म्हणजे डोकं लावून घडवलेली चीज. पापडाच्या पाकिटावरचं नाव नि चिन्ह आपण ठरवतो, त्याला ट्रेडमार्क मिळतो. त्याचा कायदा १९९९ चा. गाणं, लेख, चित्र, फोटो यांना कॉपीराइट असतो. तो कायदा १९५७ चा. लेख किंवा गाणं असेल तर लिहिणारा जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मागं ६० वर्षं तो हक्क चालतो, आणि त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. यंत्राची नवी रचना असेल तर पेटंट. आपल्या फुलसावंगीत वेल्डिंगच्या कामातून शिकलेल्या एका पोराने हेलिकॉप्टर उभं केलेलं गावानं पाहिलं आहे. २०२१ साली चाचणी घेताना तो गेला, त्याची हळहळ अजून आहे. त्या यंत्रात जे काही नवं त्यानं डोक्यातून काढलं असेल, ते पेटंटच्या कायद्यात बसण्याजोगी गोष्ट. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद नि नागपूर जिल्ह्यातली भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव एकट्या कोणाचं नाही, त्या भागात ते पीक घेणाऱ्यांचं आहे.

मसाल्याच्या कृतीचं जरा वेगळं आहे. धणे किती, दगडफूल किती, हे प्रमाण कॉपीराइटमध्ये बसत नाही. कृती तुमच्या शब्दांत लिहून छापली, तर ते शब्द तुमचे. पण वाचून दुसरीनं तसाच मसाला कुटला तर तिला अडवता येत नाही. म्हणून जुन्या बाया प्रमाण सांगत नव्हत्या, तेच खरं होतं. गुपित जोवर पोटात आहे तोवरच गुपित.

आता आपल्या विदर्भातलंच एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक चांगला कळेल. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे छोटे धान उत्पादक. शिक्षण जेमतेम. धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, पुन्हा पेरलं, पुन्हा निवडलं. असं करत करत बारीक दाण्याचं नवं वाण तयार झालं. त्या काळी एच.एम.टी.ची घड्याळं फार चालत, त्यावरून वाणाला एच.एम.टी. हे नाव पडलं. आज कितीतरी घरी तो तांदूळ शिजतो. पण वाण जितकं पसरलं, तितका पैसा नि मान दादाजींकडं फार काळ पोचला नाही. २०१८ मध्ये ते वारले. शेतकऱ्यानं तयार केलेल्या वाणाची त्याच्या नावानं नोंद व्हावी, यासाठी आपल्या देशात २००१ मध्ये कायदा झाला आहे. ज्या ताया गावरान बियाणं राखतात, त्यांनी कृषिसखीकडून या कायद्याची माहिती जरूर घ्यावी.

आता बघा, एच.एम.टी. वाण दादाजींनी घडवलं. नजर त्यांची, निवड त्यांची, मेहनत त्यांची. पण दादाजींची जन्मतारीख? ती त्यांनी घडवली नाही. त्यांचा बँक खाते नंबर बँकेनं दिला. आपला आधार क्रमांक यंत्रानं काढलेला आहे. नाव आई-बापानं ठेवलं, आणि त्याच नावाच्या आणखी दहा बाया तालुक्यात सापडतील. या गोष्टी खऱ्या आहेत, आपल्याबद्दल आहेत, पण आपल्या कल्पनेतून निघालेल्या नाहीत. म्हणून बौद्धिक संपदेचे कायदे त्यांना हात लावत नाहीत.

यावर अमेरिकेत एक गाजलेला खटला झाला. तोही शहरातला नाही, कॅन्सस नावाच्या राज्यातल्या खेड्यापाड्यांचा. तिथं एक छोटी टेलिफोन कंपनी गावकऱ्यांची नावं, गावं नि फोन नंबर यांची डिरेक्टरी छापायची. दुसऱ्या एका प्रकाशकानं त्यातली नावं न विचारता आपल्या पुस्तकात घेतली. चोरी पकडायला म्हणून पहिल्या कंपनीनं यादीत काही खोटी नावं घालून ठेवली होती, त्यातली चार दुसऱ्याच्या पुस्तकात जशीच्या तशी सापडली! तरीही १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नावं नि नंबर ही नुसती वस्तुस्थिती आहे, अ-ब-क-ड लावून मांडली म्हणून त्यावर कोणाचा कॉपीराइट होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००७ मध्ये एका पुस्तक कंपनीच्या खटल्यात म्हटलं की नुसता घाम गाळला एवढ्यानं कॉपीराइट मिळत नाही, स्वतःची थोडी तरी अक्कल त्यात उतरली पाहिजे.

पण एक खोच आहे. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं. टपालानं माल विकणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसानं गिऱ्हाइकांची यादी सोबत नेली आणि तिच्यावर स्वतःचा धंदा मांडला. कोर्टानं कंपनीची बाजू घेतली, कारण यादी तिनं कष्टानं जमवली होती. २००७ च्या निकालानंतर ही कसोटी कडक झाली आहे, ते खरं. तरी गंमत पहा. खटला चालला तो यादी करणारा आणि यादी नेणारा या दोघांत. यादीत ज्यांची नावं होती, त्यांना कोणी विचारलंच नाही. बौद्धिक संपदेचा कायदा वैयक्तिक माहितीजवळ आला तरी तो असा येतो. माहिती गोळा करणाऱ्याचं तो राखतो. जिची माहिती, तिचं नाही.

मग तुम्ही म्हणाल, कायदा बदला आणि आमच्या माहितीची मालकी आम्हाला द्या. ऐकायला गोड वाटतं. पण मालकीची वस्तू विकता येते, गहाण पडते, एकदा सही झाली की परत मिळत नाही. शेत कसं जातं, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. माहिती जर मालमत्ता झाली, तर कोणी स्टीलचा डबा देईल, कोणी दोनशे रुपये देईल, आणि कागदावर अंगठा घेऊन जाईल. जिला आज घरात तेल नाही, ती सगळ्यात आधी विकेल आणि सगळ्यात स्वस्तात विकेल. नंतर तक्रार करायला गेली तर उत्तर मिळेल, बाई, तुम्हीच तर विकलं.

हक्काचं तसं नसतं. मतदानाचा हक्क विकता येत नाही, कोणी विकला तरी कायद्यात तो व्यवहार धरला जात नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. खटला आधारवरूनच उभा राहिला होता आणि तो लावणारे के. एस. पुट्टास्वामी हे स्वतः निवृत्त न्यायाधीश. पुढं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना टिकली, पण खासगी कंपन्यांनी आधारची सक्ती करण्याचा रस्ता बंद झाला. सिम कार्ड घेताना आधार दिलं तर चालतं, पण 'आधारच पाहिजे, दुसरं काही चालत नाही' असं दुकानदाराला म्हणता येत नाही.

मालकी नसल्याचा तोटाच नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची तंबाखूच्या शेतात राबलेली एक काळी बाई होती. १९५१ मध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं ती ३१ व्या वर्षी वारली. उपचार चालू असताना दवाखान्यात तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून ठेवल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. जगभर त्यांच्यावर संशोधन झालं, औषधं निघाली, कंपन्यांनी पैसा कमावला. घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ताच नव्हता. २०२३ मध्ये एका कंपनीनं तिच्या वारसांशी तडजोड केली. या गोष्टीत मला पैशापेक्षा दुसरं जास्त लागतं. तिला विचारलंच नाही. एवढं विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणालीही असती.

विचारणं म्हणजे संमती. आपल्याकडं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा कायदा मालकीबद्दल बोलतच नाही. माहिती घेणाऱ्यानं ती कशासाठी पाहिजे हे साध्या भाषेत सांगावं, आणि मागितलं तर मराठीतही सांगावं. सांगितलेल्या कामापुरतीच ती वापरावी. संमती जितक्या सहज घेतली, तितक्याच सहज परत घेता यावी. माझी काय माहिती तुमच्याकडं आहे, असं विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, काम संपल्यावर पुसायला लावण्याचा हक्क आपल्याला आहे. १८ वर्षांखालच्या लेकरांसाठी पालकांची संमती लागते. मोठ्या कंपनीनं निष्काळजीपणा केला तर २५० कोटींपर्यंत दंड आहे.

पण दोन गोष्टी समजून घ्या. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, नुकसान झालेल्या बाईच्या हातात नाही. आणि सरकारी योजनेचा लाभ देण्यासाठी सरकारला काही बाबतींत वेगळी संमती न घेताही माहिती वापरता येते. म्हणून कायदा आला, आता निवांत झोपा, असं नाही.

निवांत का झोपायचं नाही, ते लाडकी बहीण योजनेनं दाखवलं. २०२४ मध्ये अर्ज भरायची झुंबड उडाली होती. नवी मुंबईकडच्या एका बाईचा अर्ज जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज भरलेला. शोध घेतला तर सातारा जिल्ह्यातलं प्रकरण सप्टेंबरमध्ये बाहेर आलं. एकाच बाईचे वेगवेगळ्या पेहरावातले फोटो लावून, दुसऱ्या बायांचे आधार क्रमांक टाकून तीसच्या आसपास अर्ज भरले होते. पंधराशे रुपये महिना, दुसरीच्या नावचा. त्या बायांनी कोणाला काही विकलं नव्हतं, कुठं सहीही केली नव्हती. त्यांचे नंबर तेवढे कुठून तरी बाहेर पडले होते. दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे माहिती आपली मालमत्ता नसली, तरी तिचा गैरवापर करणाऱ्याला तुरुंग आहे.

फोटोबद्दल बायांचा फार गोंधळ असतो. फोटो माझा म्हणजे हक्क माझा, असं वाटतं. कॉपीराइट मात्र फोटो काढणाऱ्याचा असतो. लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर तो पैसे देणाऱ्याचा. पण कॉपीराइट आहे म्हणून आपल्या लेकीचा फोटो कोणी जाहिरातीला लावावा असं होत नाही, तिथं खासगीपणाचा हक्क आडवा येतो. आवाजाचंही तेच. आपल्या आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानं त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दिली जात होती आणि त्यांचं चित्र लावून वस्तू विकल्या जात होत्या. कोर्टानं ते थांबवायचा आदेश दिला. नाव, चेहरा, आवाज ही त्या व्यक्तीची ओळख आहे, दुसऱ्यानं तिच्यावर धंदा करायचा नाही, असा हा हक्क आहे. बौद्धिक संपदेच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. पण तिचा फायदा बहुतेक नावाजलेल्या माणसांना होतो, कारण त्यांच्या चेहऱ्याला बाजारात भाव असतो. आपल्या चेहऱ्याला बाजारात भाव नाही, पण गावात अब्रू आहे. तिच्यासाठी खासगीपणाचाच हक्क कामी येतो.

यशोगाथांबद्दलही मला बोलायचं आहे. आपल्या अंकात, फेडरेशनच्या कार्यक्रमात, व्हॉट्सॲपवर आपण तायांच्या यशोगाथा देतो. नवरा प्यायचा, सावकाराचं एवढं देणं होतं, मूल वारलं, मग गटानं हात दिला. लिहिणारी जे शब्द लिहिते ते तिचे. जगणं मात्र त्या ताईचं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच सांगून ठेवलं आहे की घर, संसार, बाळंतपण अशा खासगी गोष्टी माणसाच्या संमतीशिवाय छापता येत नाहीत. म्हणून लिहिलेली गोष्ट त्या ताईला आधी वाचून दाखवावी. तिला वाचता येत नसेल तर जास्तच. 'हे वाक्य काढा' म्हणाली तर काढावं. नाव बदलायचं असेल तर बदलावं. कहाणी थोडी फिकी झाली तरी चालेल, आठवडी बाजारात तिला मान खाली घालायला लागू नये.

आणि आता जे बोलणार ते काही जणींना टोचेल. आपण फक्त माहिती देणाऱ्या नाही, घेणाऱ्याही आहोत. प्रत्येक गटाच्या कपाटात दहा-बारा जणींच्या आधार, पासबुक नि रेशन कार्डाच्या झेरॉक्स पडलेल्या असतात. सीआरपीच्या मोबाईलमध्ये दोनशे बायांचे फोटो नि खाते नंबर असतात. गावोगावच्या गटांत एकच पद्धत आहे, 'ताई, आधारचा फोटो ग्रुपवर टाका.' त्या ग्रुपमध्ये चाळीस जणी, आणि कोणाचा फोन घरी नवऱ्याच्या हातात, कोणाचा पोराच्या. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस 'तुमच्या गावच्या बायांची यादी द्या' म्हणतो आणि आपण चहाच्या कपावर देऊन टाकतो. ती यादी आपली नाही. बायांनी ती गटाच्या कामासाठी दिली होती. माझ्या मते याचा ठराव प्रत्येक ग्रामसंघानं घ्यावा. कागद ग्रुपवर मागायचे नाहीत, ज्या ताईला लागतात तिलाच एकटीला पाठवायचे, काम झालं की दोघींनीही फोनमधून पुसायचे, जुन्या झेरॉक्स फाडून चुलीत घालायच्या. रद्दीत द्यायच्या नाहीत. आणि यादी बाहेरच्याला द्यायची असेल तर बैठकीत बायांना विचारून.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख नि सही. आधारची अशी प्रत मिळते जिच्यात शेवटचे चारच अंक दिसतात, बाकीचे झाकलेले. आपले सरकार केंद्रातल्या मुलाला 'मास्क आधार' म्हणा, त्याला कळेल. बहुतेक ठिकाणी ती चालते. अंगठा लावून पैसे काढण्याच्या यंत्रावर आपला अंगठा दुसरीकडं वापरला जाऊ नये, म्हणून आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. पैसे काढायचे असतील तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचे. हे जमत नसेल तर १९४७ या आधारच्या नंबरवर फोन करा, तिथं मराठीत बोलतात. आपल्या नावावर कोणी कर्ज उचललं का, हे पाहायलाही वाट आहे. सिबिल, सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या कर्जाच्या नोंदी ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. बचत गटाच्या नि फायनान्सच्या छोट्या कर्जांसाठी हाय मार्कचा अहवाल आधी पहा. बँकसखीला सोबत घेऊन बसा, अहवाल इंग्रजीत असतो. ओळखीचं नसलेलं कर्ज दिसलं तर त्याच कंपनीकडं लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा. पैसे गेलेच तर उद्यावर ढकलू नका, १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर सांगाल, तितकं पैसे पुढच्या खात्यात अडवणं सोपं जातं.